वाचकांचे प्रश्न : बुध वक्री असताना

येत्या २९ जूनच्या रात्री बुध वक्री होत असून, म्हणजे आकाशात उलट दिशेने सरकताना दिसू लागत असून, २४ जुलैच्या पहाटे तो पुन्हा मार्गी, म्हणजे सरळ गतीचा, होईल. या साडेतीन आठवड्यांविषयी विचारणारी जेवढी पत्रे या वेळी आली, तेवढी साडेसातीविषयीही सहसा येत नाहीत. बहुतेक पत्रांचा आशय सारखा असल्याने त्यांतील मोजकी निवडून येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही ठाण्यात घर घेत आहोत. विकासकाने साठेखताच्या नोंदणीसाठी ८ जुलै ही तारीख दिली आहे. माझी मुलगी बंगळूरला असते. बुध वक्री असताना कोणत्याही कागदावर सही करू नये, असे तिने वाचले आहे आणि ती रोज फोन करून तारीख बदलायला सांगते. तारीख पुढे गेल्यास ठरलेला दर टिकणार नाही, असे विकासक म्हणतो. यजमान हे काही मानत नाहीत, सासूबाई मानतात. मी काय करावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या मुलीने जे वाचले आहे त्याचा उगम आपल्या पंचांगात नाही. वक्री बुधाच्या काळात करार, खरेदी, प्रवास आणि यंत्रे यांपासून दूर राहावे हा नियम पाश्चात्त्य ज्योतिषातून, विशेषतः इंग्रजी वृत्तपत्रांतील राशिभविष्यांतून लोकप्रिय झाला आणि पुढे मोबाइलमुळे घरोघरी पोहोचला. आपल्याकडील मुहूर्तविचारात तिथी, वार, नक्षत्र, करण, लग्नशुद्धी (म्हणजे त्या वेळी उगवणाऱ्या राशीची अनुकूलता) यांना महत्त्व आहे. विवाह आणि उपनयन यांसारख्या कार्यांना गुरू व शुक्र यांचा अस्त, म्हणजे सूर्याच्या जवळ असल्याने ते दिसेनासे होण्याचा काळ, वर्ज्य मानतात आणि अधिकमासही टाळतात. परंतु केवळ बुध वक्री आहे म्हणून तीन आठवडे व्यवहार बंद ठेवावेत, अशी रूढी आपल्या पंचांगकर्त्यांनी पाळलेली नाही. पंचांगात ‘बुध वक्री’ आणि ‘बुध मार्गी’ या नोंदी असतात त्या ग्रहस्थितीची माहिती म्हणून. त्यांच्यापुढे कार्य वर्ज्य असल्याचा शेरा नसतो.

सासूबाईंना शास्त्राधार हवा असेल, तर जातकशास्त्रातील, म्हणजे जन्मपत्रिकेच्या शास्त्रातील, षड्बलाचा विचार त्यांना सांगावा. ग्रहाच्या सहा बलांपैकी चेष्टाबल हे त्याच्या गतीवरून ठरते आणि वक्री ग्रहाला ते पूर्ण, म्हणजे साठ षष्ट्यंश मिळते. म्हणजे या मतानुसार वक्री ग्रह दुबळा नसून बलवान असतो. कल्याणवर्म्याच्या ‘सारावली’त वक्री शुभग्रह महावीर्यवान व राज्य देणारे म्हटले आहेत, व्यसने आणि व्यर्थ भटकंती ही फळे तेथे वक्री पापग्रहांच्या वाट्याला येतात. बुध पापग्रहाच्या संगतीत नसेल तर त्याची गणना शुभग्रहांत होते.

येथे एक गोष्ट लपवणे बरे नाही. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त बुधाच्या गतीविषयी देवल या जुन्या आचार्यांचे मत दिले आहे आणि त्यात ऋजू गती प्रजेला हितकारक, अतिवक्र गती अर्थनाश करणारी व वक्र गती शस्त्रभय देणारी सांगितली आहे. हे वचन दाखवून कोणी आपल्याला भीती घालू शकेल. परंतु संहिताग्रंथांचा विषय राजा, राष्ट्र, पाऊस आणि धान्याचे भाव हा आहे. एखाद्या कुटुंबाने दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कोणत्या दिवशी जावे, हा त्या अध्यायाचा प्रश्नच नाही. राष्ट्रासाठी सांगितलेले फळ व्यक्तीच्या व्यवहाराला जोडणे ही फलज्योतिषातील जुनी खोड आहे आणि जाणकारांनी तिला वेळोवेळी विरोध केला आहे.

आता ज्या गोष्टींवर आपले पैसे खरोखर अवलंबून आहेत, त्यांकडे वळू. प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासावा आणि ताबा देण्याची तेथे नोंदवलेली तारीख साठेखतातील तारखेशी जुळते का, ते पाहावे. स्थावर संपदा कायद्यानुसार साठेखत नोंदवण्यापूर्वी विकासकाला घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही. आपल्याकडून त्याहून जास्त मागितली गेली असल्यास तारखेची चर्चा बाजूला ठेवून आधी त्याचा जाब विचारावा. चटईक्षेत्र, वाहनतळाची जागा, देखभाल खर्च आणि विलंब झाल्यास द्यावयाचे व्याज ही कलमे मसुदा हाती येताच वकिलाकडून वाचून घ्यावीत. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करता येतो. त्यामुळे घरातील शांततेसाठी नोंदणी २४ जुलैनंतर करायचीच असे ठरले, तर कायद्याची अडचण येणार नाही. मात्र तोपर्यंत दर बदलणार नाही, हे विकासकाकडून लेखी घ्यावे. तो तसे लिहून देण्यास तयार नसेल, तर ८ जुलैला नोंदणी करून मोकळे व्हावे. तो दिवस बुधवार आहे, हे सासूबाईंना अवश्य सांगावे.

प्रश्न : मी अकरावीत शिकतो. ग्रह वक्री होतो म्हणजे तो आपल्या कक्षेत खरोखर उलटा फिरतो का? दुर्बिणीतून ते दिसू शकेल का? — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : कोणताही ग्रह आपल्या कक्षेत उलटा फिरत नाही. बुध सूर्याभोवती सुमारे ८८ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. त्याचा वेग सेकंदाला सरासरी ४७ किलोमीटरच्या आसपास, तर पृथ्वीचा सुमारे ३० किलोमीटर आहे. देवळाच्या अंगणात बसून गाभाऱ्याला प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसाकडे पाहिले, तर मागील बाजूने जाताना तो एका दिशेने आणि आपल्या समोरून जाताना नेमका उलट दिशेने सरकताना दिसतो, प्रत्यक्षात त्याने दिशा बदललेली नसतानाही. बुध सूर्याच्या पलीकडे असतो तेव्हा तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर पूर्वेकडे, म्हणजे मार्गी गतीने, जाताना दिसतो. आपल्या आणि सूर्याच्या मधून तो आपल्याला मागे टाकून पुढे निघतो, तेव्हा काही दिवस तो पश्चिमेकडे सरकतो. यालाच अंतर्युती म्हणतात आणि बुधाचा वक्री काळ नेहमी तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. अशी युती सरासरी ११६ दिवसांनी येते, त्यामुळे एका वर्षात बुध तीन वेळा, क्वचित चार वेळा वक्री होतो. मंगळ, गुरू व शनी यांच्या बाबतीत मागे टाकणारी पृथ्वी असते. म्हणून ते सूर्याच्या समोर, मध्यरात्री माथ्यावर येण्याच्या सुमारास वक्री असतात. सूर्य आणि चंद्र कधीच वक्री होत नाहीत.

हे गणित आपल्याकडे नवे नाही. ‘सूर्यसिद्धान्त’ या जुन्या गणितग्रंथाच्या स्पष्टाधिकार या अध्यायात ग्रहांच्या गतीचे आठ प्रकार मानले आहेत आणि शीघ्रकेंद्र, म्हणजे सूर्याच्या संदर्भात ग्रहाचे स्थान दाखवणारा कोन, किती अंशांवर पोहोचले असता कोणता ग्रह वक्री होतो, हेही आकड्यांत सांगितले आहे. मंगळासाठी १६४, बुधासाठी १४४, गुरूसाठी १३०, शुक्रासाठी १६३ आणि शनीसाठी ११५ अंश. ज्या ग्रंथकाराने वक्रत्व आधीच मोजून सांगितले, त्याच्या दृष्टीने त्यात अघटित असे काही नव्हते.

दुर्बिणीच्या प्रश्नाचे उत्तर थोडे निराशाजनक आहे. बुध सूर्यापासून कधीही २८ अंशांहून दूर जात नाही, आणि वक्री काळाचा मोठा भाग तर तो सूर्यतेजात बुडालेला असतो. मार्गी बुध सूर्यापासून १४ अंशांच्या आत आला की अस्त होतो, आणि वक्री असेल तर १२ अंशांच्या आत, असा ‘सूर्यसिद्धान्ता’चा नियम आहे; वक्री असताना ग्रह पृथ्वीला जवळ आणि म्हणून त्याचे बिंब मोठे, हे त्यामागचे कारण. बिंब मोठे असते हे खरेच, पण त्या वेळी बुधाची प्रकाशित बाजू आपल्याकडे नसल्याने दिसते ती केवळ बारीक कोर. त्यात यंदाचा वक्री काळ ज्येष्ठ-आषाढातला, म्हणजे ढगांचा. मंगळाचे वक्रत्व मात्र आपण काही आठवडे आकाशाचे टिपण ठेवून सहज पाहू शकाल. वक्री बुध दुर्बिणीतून पाहण्याची खात्रीची संधी अधिक्रमणाच्या दिवशी मिळते, कारण तेव्हा तो सूर्यबिंबावरून काळ्या ठिपक्यासारखा सरकतो. पुढील अधिक्रमण १३ नोव्हेंबर २०३२ रोजी असून ते दुपारी भारतातून दिसेल. सूर्याकडे प्रमाणित गाळणीशिवाय दुर्बीण कधीही रोखू नये.

प्रश्न : आमचा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे आणि अजून तीन-चार शब्दच बोलतो. त्याच्या पत्रिकेत द्वितीय स्थानी वक्री बुध आहे. येथील एका ज्योतिषांनी त्याला पाचू घालण्यास सांगितले असून ते रत्न बरेच महाग आहे. घालावे का? — एक पालक, इचलकरंजी

उत्तर : घालू नये. त्या पैशांतून आणि मुख्य म्हणजे याच आठवड्यात मुलाची श्रवणचाचणी करून घ्यावी, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जावे. या वयात इतके कमी शब्द असतील तर थांबून पाहणे योग्य नाही, कारण उपचार जितके लवकर सुरू होतात तितका त्यांचा लाभ अधिक होतो. वांद्रे येथील अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे. कोल्हापुरातही तज्ज्ञ मिळतील. वर्षातील पाच-सहा दिवसांमागे एका दिवशी बुध वक्री असतो. म्हणजे आपल्या गल्लीतील दर पाच-सहा मुलांपैकी एकाच्या पत्रिकेत तो तसा सापडेल, आणि ती मुले बोलत आहेत. मनाच्या समाधानासाठी आपण ‘प्रियंगुकलिकाश्यामं’ हा बुधाचा श्लोक रोज म्हणावा. त्याला काही खर्च येत नाही, आणि मुलाला समोर बसवून म्हटल्यास त्याच्या कानांवर स्पष्ट उच्चार पडतील.

प्रश्न : माझ्या फोनवरील इंग्रजी अ‍ॅप सांगते की बुध कर्क राशीत वक्री होणार आहे आणि संपूर्ण काळ कर्केतच राहणार आहे. आईने भारतातून पाठवलेल्या पंचांगात मात्र तो मिथुनेत परत येतो असे आहे. मार्गी होण्याची तारीखही एका दिवसाने वेगळी आहे. चूक कोणाची? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : चूक कोणाचीच नाही. आपले अ‍ॅप सायन राशी वापरते, म्हणजे वसंतसंपातापासून (२१ मार्चच्या सुमारास सूर्य असतो त्या बिंदूपासून) मोजते; आईचे पंचांग निरयन आहे, म्हणजे नक्षत्रांच्या स्थिर आरंभबिंदूपासून मोजणारे. संपातबिंदू मागे सरकत असल्याने या दोन आरंभांत आज सुमारे २४ अंशांचे अंतर, म्हणजे अयनांश, पडले आहे. सायन कर्केच्या २६ अंशांवर वक्री होणारा बुध त्यामुळे निरयन कर्केच्या आरंभीच असतो आणि तेथून मागे येत मिथुनेत शिरतो. वक्री आणि मार्गी होण्याचा क्षण मात्र दोन्ही पद्धतींत एकच असतो, कारण गती राशींच्या नावांवर अवलंबून नसते. तारखेतील फरक घड्याळाचा आहे. भारतात २९ जूनची रात्र असते तेव्हा आपल्याकडे त्याच दिवसाची दुपार असते, आणि येथील २४ जुलैची पहाट म्हणजे आपली २३ जुलैची संध्याकाळ.

यातून एक गमतीची गोष्ट निघते. मिथुन ही बुधाची स्वराशी. म्हणजे आपले अ‍ॅप ज्या दिवसांसाठी सावधगिरीचा इशारा देत आहे, त्यांतील बराच काळ आईच्या पंचांगाप्रमाणे बुध स्वगृही आणि शिवाय चेष्टाबलाने युक्त आहे. वक्री काळाच्या आधीचे व नंतरचे दोन-दोन आठवडे ‘छायाकाळ’ म्हणून टाळावेत का, असेही आपण पत्रात विचारले आहे. ही कल्पना आधुनिक पाश्चात्त्य ज्योतिषातली आहे. ती पाळायची म्हटली तर वर्षाचा जवळजवळ निम्मा भाग कामाविना जाईल.

प्रश्न : गेल्या मार्चमध्ये बुध वक्री असताना माझा फोन बिघडला, चुकीच्या खात्यात पैसे गेले, आणि एका जुन्या मित्राशी क्षुल्लक संदेशावरून भांडण झाले. एवढे सगळे एकाच वेळी घडणे हा योगायोग कसा म्हणावा? — एक वाचक, लातूर

उत्तर : आपल्याला त्रास झाला हे खरे आहे, त्याविषयी दुमत नाही. प्रश्न तो बुधामुळे झाला का, एवढाच आहे. त्यासाठी इतर महिन्यांतील अशाच घटना आपल्यासमोर असायला हव्यात, आणि त्या सहसा कोणी लक्षात ठेवत नाही. यंदाचे तिन्ही वक्री काळ एकत्र केले तर ते सुमारे ६७ दिवस होतात. वर्षभरात फोन, पैसे, प्रवास आणि बोलणे यांत जेवढ्या चुका होतात, त्यांतील जवळपास पाचवा हिस्सा या दिवसांत पडणारच. तो पडला की आपल्याला कारण तयार मिळते. उरलेल्या चुका नुसत्या चुका म्हणून विसरल्या जातात.

मोठ्या, सर्वांना ठाऊक असलेल्या घटना घेऊन पाहा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी जगभर फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप काही तास बंद पडले, तेव्हा बुध वक्री होता आणि त्याची खूप चर्चा झाली. १९ जुलै २०२४ रोजी संगणकप्रणालीतील एका सदोष सुधारणेमुळे जगभरातील विमानतळांवरचे आणि बँकांतले संगणक ठप्प झाले, तेव्हा बुध मार्गी होता आणि त्याची तेवढी चर्चा झाली नाही. उलट बाजूही पाहावी. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले ते वक्री बुधात. चांद्रयान-३ चंद्रावर उतरले २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी. त्याच रात्री बुध वक्री झाला, आणि त्यातील ‘प्रज्ञान’ या बग्गीने चंद्रावरून पाठवलेली जवळजवळ सर्व माहिती वक्री बुधाच्या काळात पृथ्वीवर पोहोचली. याच काळात २ सप्टेंबरला आदित्य-एल१ चे प्रक्षेपण झाले. दळणवळणाचा कारक मानला जाणारा बुध रुसलेला असता तर ते प्रथम तेथे जाणवायला हवे होते.

ग्रहांचे गणित पडताळता येते, आणि ते दरवर्षी खरे ठरते. फलादेशाबाबत तसे म्हणता येत नाही; तो श्रद्धेचा भाग आहे आणि श्रद्धा बाळगण्यास कोणाची हरकत नसावी. तरीही आपल्याला स्वतः तपासून पाहायचे असेल, तर एक वही करावी, घडलेली प्रत्येक गैरसोय तारखेसह लिहावी आणि वर्ष संपेपर्यंत पंचांगातील बुधाची नोंद पाहू नये. चुकीच्या खात्यात गेलेल्या पैशांबाबत आपल्या बँकेकडे व्यवहार क्रमांकासह लेखी तक्रार केली नसेल तर ती लगेच करावी. फसवणुकीचा संशय असेल तर १९३० या क्रमांकावर कळवावे.

प्रश्न : आमचे धान्याचे दुकान आहे. यंदा दिवाळी बुध वक्री असतानाच येते, असे समजते. बुध हा व्यापाराचा कारक. मग वहीपूजन आणि नवीन खातेवही पुढे ढकलावी का? त्याच वेळी दुकानातील बिलिंग संगणकावर आणायचे आहे. — एक व्यापारी, सोलापूर

उत्तर : आपली माहिती बरोबर आहे. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला असून बुध २४ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर वक्री आहे. पण यंदाचा गुढीपाडवाही, १९ मार्चचा, वक्री बुधातच गेला आणि त्या दिवशी सराफांची दुकाने ओस पडली नव्हती. साडेतीन मुहूर्तांना पंचांगशुद्धी पाहावी लागत नाही, असे आपण परंपरेने मानत आलो आहोत. बलिप्रतिपदा त्यांतीलच असल्याने नवी वही त्या दिवशी सुरू करण्यास काही प्रत्यवाय नाही. लक्ष्मीपूजनाच्या वहीपूजनासाठीही बुधाचे वक्रत्व कोणी पाहत नाही. धान्याचे व्यापारी म्हणून आपल्याला एवढे ठाऊक असावे की वराहमिहिराच्या मते बुध कधीच उत्पाताशिवाय उगवत नाही आणि त्याच्या उदयाने धान्याचे भाव एक तर चढतात किंवा उतरतात. भावांविषयीचे हे भाकीत चुकण्याची शक्यता फारच कमी आहे.

संगणकावरील बिलिंग मात्र दिवाळीच्या आठवड्यात सुरू करू नये, कारण त्या गर्दीत नोकरांना नवे काम शिकवायला कोणालाच वेळ मिळणार नाही. दसऱ्याच्या आधी ते बसवून घ्यावे, पंधरा-वीस दिवस कागदी पावतीपुस्तक सोबत चालू ठेवावे आणि दोन्हींचा हिशेब रोज रात्री जुळतो की नाही हे पाहून मगच पावतीपुस्तक बंद करावे.